सुन्चांगवालीचा चौक

गुक ग्वीरेने अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर झाडं लावली आणि अठ्ठावीस वर्षं त्या नकाशांना शिव्या घातल्या. दोन्ही कामं ती मनापासून करायची. तिच्या हाताखाली दहा-बारा बायकांची टोळी होती. डोक्याला फुलाफुलांच्या टोप्या, हातात खुरपं आणि ढुंगणाला बांधलेली फोमची गोल बैठक, म्हणजे बाई उठली की बैठकही पाठोपाठ उठायची. ग्वांगजूच्या नव्या वसाहतींमध्ये, रस्त्यांच्या कडेला, इस्पितळांच्या आवारात जिथे म्हणून झुडपं दिसतील, तिथली निम्मी ग्वीरेच्या टोळीने लावलेली. पण उद्घाटनाच्या पाटीवर नाव असायचं ते नकाशा काढणाऱ्याचं. तो कधी आलेला नसायचा. उंटावरून शेळ्या हाकण्याचं एवढं सोयीचं काम दुसरं नाही, असं ती म्हणायची.

एका वसाहतीत उत्तरेच्या भिंतीला खेटून तीनशे अझेलिया लावायच्या होत्या. तिथे ऊन म्हणून फिरकत नव्हतं. ग्वीरेने लावल्या, त्या मेल्या. परत लावल्या, परत मेल्या. तिसऱ्या खेपेला तिने नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, नकाशा काढणाऱ्याच्या नावाखाली लिहिलेला नंबर फिरवला. पलीकडे एक तरुण होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं की मी आता हे शिकणार आणि त्या कोपऱ्यात माझं नाव लिहिणार. नवरा, चोन, स्ट्रॉबेरीच्या प्लॅस्टिकच्या बोगद्यांमध्ये आयुष्य घालवलेला सावकाश माणूस. बराच वेळ भात चावून झाल्यावर त्याने विचारलं, "तू नकाशा काढायला लागलीस तर मग शिव्या कोणाला घालणार?"

तिने भांडी आदळली. पण बोलली ते करून दाखवलं. शाळा आठवीत सुटलेली. बाहेरून परीक्षा दिल्या, मग घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाची पदवी घेतली. यात नऊ वर्षं गेली. चोपन्नाव्या वर्षी ग्वांगजूच्या एका विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गात ती जाऊन बसली, तेव्हा शिपायाने तिला साफसफाईच्या खोलीची किल्ली आणून दिली होती. तिने ती घेतलीही. पुढे ती खोली तिला फार उपयोगी पडली.

वर्गातला खरा घोळ वयाचा होता. आमच्याकडे कोण कोणाशी कसं बोलणार, पेला आधी कोणाचा भरणार, हे सगळं वयावर ठरतं, नाहीतर आधी कोण आलं यावर. ही दोन गणितं एका माणसात एकमेकांना छेद द्यायला लागली की सगळ्यांचेच हाल. ग्वीरेच्या स्टुडिओत, म्हणजे नकाशे काढायच्या वर्गात, राओन नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. ती एक सत्र आधी आली होती, म्हणजे ती सिनियर. जो सर्वांत नवीन त्याने कपबश्या विसळायच्या हा नियम. ग्वीरे सर्वांत नवी. राओनला आईच्या वयाच्या बाईने आपला कप विसळलेला बघवेना आणि ग्वीरेला नियम मोडवेना.

"महाताई, ठेवा ते, मी करते," राओन म्हणायची. वर्गातल्या थोरल्या बाईला ती असंच म्हणे.

"तुम्ही सिनियर आहात. सिनियरने असं करायचं नसतं."

"मला अहो नका ना म्हणू."

"मग काय म्हणू? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

राओन कप विसळायला आठ वाजता यायला लागली, तर ग्वीरे सात वाजता. राओनने साडेसहा केले. शेवटी कोणी चहाच प्यायलेला नसताना कप दोनदा विसळून व्हायला लागले, तेव्हा दोघींनी वार वाटून घेतले.

प्राध्यापक प्यो एक्केचाळीस वर्षांचे. हुशार, नीटनेटके, काळा सदरा घालणारे. सत्राअखेरीच्या जेवणात वडीलधारी बाई म्हणून ते ग्वीरेचा पेला दोन्ही हातांनी भरायचे, गुरुजी म्हणून ती त्यांचा पेला दोन्ही हातांनी भरायला जायची, आणि बाटली बराच वेळ चार हातांमध्ये अडकून पडायची. बाकीचे तहानलेले बसायचे.

पण कामाच्या बाबतीत प्यो सरांना दयामाया नव्हती. ग्वीरेला शेवटच्या प्रकल्पासाठी तिचंच सासर मिळालं होतं, दाम्यांगजवळचं बामगोल. गावात माणसं उरलीत चाळीस, त्यातल्या निम्म्या आज्या. सभागृहासमोर सिमेंटचा एक फुटका चौक होता. जिल्ह्याने तो नव्याने बांधून द्यायचं कबूल केलं होतं आणि आराखडा ग्वीरे काढणार होती. तिने पहिला आराखडा असा काढला: नळ इथे, कारण हात धुवायला लागतात. बाक इथे, कारण दुपारी इथे सावली. कडेने अझेलिया, दक्षिणेला. एकही झाड मरणार नाही अशी ती रचना होती.

परीक्षा घ्यायला सोलहून नामगुंग नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून नकाशा पाहिला. "हे उपयोगी आहे," त्या म्हणाल्या. "उपयोगी काम कोणीही करतं. यात विचार कुठे आहे?"

"विचार करूनच काढलंय बाई," ग्वीरे म्हणाली.

नापास झाली. आणखी एक संधी मिळणार होती आणि ती शेवटची. त्यातही गेली तर नाव कटणार, पदवी नाही, आणि पदवी नाही तर त्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव नाही. ती छोटी चौकट तिच्या इतकी डोक्यात बसली होती की वर्तमानपत्राच्या उजव्या कोपऱ्यातही ती पेन्सिलीने आपलं नाव लिहून बघायची. चोनला हवामानाचा अंदाज तेवढ्यापुरता वाचता यायचा नाही.

मग ती साफसफाईच्या त्या खोलीत बादल्यांमध्ये बसून विचार करायला लागली. आठ दिवसांनी बाहेर आली ती रिकामेपण घेऊन. चौकाच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं मोठं वर्तुळ. त्यात काहीही नाही. बाक नाही, कुंडी नाही, नळसुद्धा नाही. गाव ओस पडत चाललंय, तर ते ओसपण डोळे भरून पाहायला एक जागा. दगड काळा, कारण रात्रीचं आकाश. हे ती बोलली तेव्हा राओनच्या डोळ्यांत पाणी आलं. प्यो सर म्हणाले, "ग्वीरेबाई, आता तुम्हाला जमलं." विचार काढणं एवढं सोपं असतं याचं तिलाच नवल वाटलं. अझेलिया जगवण्यापेक्षा कितीतरी सोपं.

बामगोलच्या आज्यांना तिने सभागृहात बसवून आराखडा दाखवला. आज्या हो म्हणाल्या. जिल्हा कचेरीतून माणूस आला तरी त्या हो म्हणतात, विमा विकणारा आला तरी हो म्हणतात आणि संत्री खाऊन उठतात. ग्वीरेला हे तेहतीस वर्षं माहीत होतं. तरी तिने वहीत लिहिलं, ग्रामस्थांची संमती मिळाली.

ऑगस्टअखेर चौक बांधून झाला. सप्टेंबरात परीक्षा, तीही चौकातच. आदल्या दिवशी ग्वीरे, चोन आणि राओन तिघांनी मिळून दगड नळीने धुतला, फडक्याने पुसला. गावाचे प्रमुख बे, वय एकाहत्तर आणि गावाच्या हिशेबात तरणेबांड, यांना तिने सांगून ठेवलं की सकाळी भोंग्यावरून सूचना द्या.

बे यांनी सकाळी सहालाच गाव उठवलं. "सगळ्यांना नमस्कार. आज दहा वाजता विद्यापीठातली मोठी माणसं चौक बघायला येणार आहेत. सुन्चांगवालीने काल सगळा चौक धुऊन पुसून काढलाय. दगड आरशासारखा झालाय. आज दिवसभर कडक ऊन आहे. तरी चौक स्वच्छ ठेवावा."

सुन्चांगवाली म्हणजे ग्वीरे. गावात सुनेला तिच्या माहेरावरून ओळखतात. सुन्चांग हे मिरचीच्या ठेच्याचं गाव, सगळ्या देशात नाव असलेलं. तिथली लेक असून ही बाई वर्षाच्या किमचीला मिरची बाजारातून विकत आणते, हा टोमणा तिने लग्न झाल्यापासून ऐकला होता. काय करणार? मिरची वाळायच्या दिवसांत ती नेहमी कुठल्यातरी वसाहतीत दुसऱ्यांची झुडपं लावत असायची.

नकाशे छापायला रात्रीच शहरात गेलेली ती साडेनऊला राओन आणि चोनबरोबर गुंडाळ्या घेऊन आली आणि गाडीतून एक पाय बाहेर ठेवून तशीच राहिली. काळं वर्तुळ नव्हतं. लाल वर्तुळ होतं. या काठापासून त्या काठापर्यंत मिरच्या. अकरा ताडपत्र्या शेजारी शेजारी, तसूभर दगड दिसत नव्हता. पूर्वेच्या काठाशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओक्पुनआजी वाकून दाताळ्याने मिरच्या उलटत होत्या.

"आजी, हे काय आहे?"

"मिरच्या."

"ते दिसतंय. आज कशाला घातल्या?"

"मग काय बर्फात घालू? बे सांगत होता ना सकाळी, तू दगड धुतलास म्हणून. गुणाची गं पोर तू."

"मी तो रिकामा ठेवायला धुतला!"

ओक्पुनआजींनी दाताळं टेकवलं आणि तिच्याकडे खरोखरच काळजीने पाहिलं. "रिकामाच ठेवायचा होता तर धुतलास कशाला?"

ग्वीरेचा तोल गेला. दोन वर्षं, नव्हे अकरा वर्षं घशाशी साठलेलं सगळं बाहेर पडलं. माझी शेवटची परीक्षा आहे, ती सोलची बाई अर्ध्या तासात येणार आहे, दरवर्षी तुमच्याच मिरच्या, गावात दुसरी जागा नाही का. कडेने जमलेल्या बाकीच्या आज्या ऐकत होत्या. "तुम्हाला सगळ्यांना दाखवला होता मी हा नकाशा," ती ओरडली. "कुठे आहेत यात मिरच्या? तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

आणि ती थांबली. वाक्य ओळखीचं होतं. चोन नकाशांचा स्टँड हातात धरून तिच्यामागे उभा होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता, स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"तेव्हा विचारलं होतं बघ मी," तो हळूच म्हणाला. "शिव्या कोणाला घालणार म्हणून."

ग्वीरेला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या आज्यांनी तिच्या दोन्ही बाळंतपणांत समुद्रशेवाळाचं सार करून घातलं होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात विद्यापीठाची गाडी सभागृहाशी येऊन थांबली, आणि त्याच क्षणी मुदुंग डोंगराच्या अंगाने गडगडलं. बे यांचं कडक ऊन दहा वाजता संपलं.

मिरचीच्या दिवसांत ढग गडगडला की बामगोलमध्ये काय होतं ते सांगून कळणार नाही. गुडघे धरून चालणाऱ्या बायका पळायला लागतात. ग्वीरेने हातातले नकाशे टाकले आणि पहिली ताडपत्री धरली. राओन धावली. पण प्यो सर गाडीतून उतरले ते नुसते बघतच राहिले, क्षणभरच. मग त्यांनी काळ्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, एका ताडपत्रीची चार टोकं एका हिसक्यात एकत्र आणून अशी गाठ मारली की एक मिरची खाली सांडली नाही, आणि गाठोडं खांद्यावर टाकलं. विद्यापीठात कोणालाही माहीत नव्हतं, पण हा माणूस यांग्यांगच्या मिरचीवाल्याचा मुलगा होता. वर्गातला शुद्ध बोलणारा तो प्राध्यापक गावच्या बोलीत गरजला, "नामगुंगबाई, बघत काय बसलात, ते टोक धरा की!"

नामगुंगबाईंनी पांढरी विजार घातली होती. त्यांनी टोक धरलं.

सात मिनिटांत चौक रिकामा झाला. पावसात काळा दगड चमकत होता, अगदी आराखड्यात होता तसा. पाहायला कोणी नव्हतं. सगळे सभागृहात खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर मिरच्यांच्या ढिगाभोवती बसून शिंकत होते.

परीक्षा तिथेच सुरू झाली. ग्वीरेने ओला झालेला नकाशा पसरला. नामगुंगबाईंनी विजारीवरचे लाल डाग पाहिले, मग नकाशा पाहिला, मग विचारलं, "हे जे बाहेर चाललं होतं, ते तुमच्या आराखड्यात होतं का?"

राओन तिच्या कानाशी लागली. "महाताई, म्हणा की रिकामेपण म्हणजे भरण्याची शक्यता. म्हणा ना. पास व्हाल."

चार शब्दांचं काम होतं. ग्वीरेला ते शब्द येत होते. साफसफाईच्या खोलीत आठ दिवस बसलेली बाई, असले शब्द तिला आता हवे तेवढे सुचत होते. तिने समोर पाहिलं. ओक्पुनआजी ओल्या मिरच्या एकेक करून पदरासारख्या धरलेल्या एप्रनला पुसत होत्या.

"नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तरी नव्हतं. तेहतीस वर्षं मी इथे राहते. या सगळ्या इथे मिरच्या वाळवतात हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण नकाशात मिरच्या दाखवल्या असत्या तर तुम्ही म्हणाला असता, विचार कुठे आहे. म्हणून मी माणसं पुसली आणि रिकामेपण लिहिलं. चूक माझी आहे. दगड धुतला त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

फक्त शिंका. ग्वीरेने मनातल्या मनात ती चौकट मिटवून टाकली आणि नकाशा गुंडाळायला घेतला.

"अहो बाई," ओक्पुनआजी नामगुंगबाईंना म्हणाल्या, "पोरीला नापास करू नका. दगड फार चांगला घातलाय तिने. सिमेंटवर पाच दिवस लागायचे, यावर तीन दिवसांत खुळखुळते मिरची. काळा आहे ना, तापतो. माझ्या जागेवर तर अडीच."

प्यो सरांनी मान वर केली. "तुमच्या जागेवर म्हणजे? जागा ठरलेल्या आहेत?"

हे विचारायला नको होतं. अकराही आज्या एकदम बोलायला लागल्या. जागा अर्थातच ठरलेल्या. ओक्पुनची पूर्वेला, कारण तिच्या सासूची तिथे होती. तिच्या शेजारची जागा धाकट्या जावेला दिली, पण वीतभर सरकून, आणि त्या वीतभरावरून बारा वर्षं अबोला. सभागृहाच्या सावलीची जागा विधवा झालेल्या बाईला नाही, तिला उन्हाची द्यायची, कारण उन्हात मिरच्या लवकर वाळतात आणि रोज त्या उचलायला तिच्याकडे दुसरं कोणी नाही. अख्खा चौक वाटलेला होता. एकही रेघ कुठे काढलेली नव्हती आणि गावाच्या बाहेर कोणालाही दिसत नव्हती. ग्वीरेलाही नाही. ती थक्क होऊन ऐकत राहिली. नामगुंगबाईंनी पेन्सिल काढली आणि ग्वीरेच्या नकाशाच्या मागच्या बाजूला टिपून घ्यायला लागल्या. मध्येच त्या म्हणाल्या, "जरा सावकाश, आजी."

निकाल असा लागला: पास, पण अटीवर. पंधरा दिवसांत नकाशा नव्याने काढायचा, अकराच्या अकरा जागांसकट, मोजून. नळही परत आणायचा. नामगुंगबाईंनी गुण दिले ते काठावरचे. जाताना त्यांनी ओक्पुनआजींकडून दोन किलो मिरची नेली.

ते मोजमाप म्हणजे ग्वीरेच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम ठरलं. राओन टेप धरायची, ग्वीरे लिहायची, आणि आज्या एकमेकींचं खोडून काढायच्या. त्या वीतभरापायी तीन दिवस गेले. शेवटी चोनने ओक्पुनआजी आणि त्यांची जाऊ दोघींना स्ट्रॉबेरीच्या रोपांची एकेक पेटी दिली, तेव्हा त्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या.

अखेरच्या दिवशी ग्वीरे पेन ठेवणार तोच ओक्पुनआजींनी तिच्या हातातली टेप ओढली. पर्सिमनच्या झाडाखाली गेल्या, जिथे दगड संपतो, आणि काठीने चार कोपरे दाखवले. मग म्हणाल्या, "हेही लिही. सुन्चांगची लेक किती वर्षं बाजारातून मिरची आणणार? लाज वाटते आम्हाला." ग्वीरेने मान खाली घालून चार कोपरे मोजले, दोनदा चुकली, आणि राओनने तिसऱ्यांदा टेप धरली.

नकाशा घेऊन ती विद्यापीठात गेली. प्यो सरांनी तो टेबलावर पसरला. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, गुक ग्वीरे. पण ते तिकडे बघतच नव्हते. ते बोट ठेवून मिरच्यांच्या जागा मोजत होते.

"ग्वीरेबाई, या बारा झाल्या. बारावी कोणाची?"

"माझी, सर."

प्यो सर म्हणजे मिरचीवाल्याचा मुलगा. त्यांनी झाड पाहिलं, उत्तरेचा बाण पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "इथे तर अकरा वाजेपर्यंत ऊन येत नाही."

"माहीत आहे," ग्वीरे म्हणाली. "मी नवीन आहे ना."